गवत्या : डोंगराच्या ओलाव्यात राहणारा हिरवा साप

कन्हान हे गाव नागपूरकरांना कोळशाच्या खाणींमुळे, रेल्वेच्या पुलामुळे आणि शहराला मिळणाऱ्या पाण्यामुळे माहीत आहे. ज्या नदीचे नाव गावाने घेतले ती मात्र वरून, सातपुड्यातून येते. छिंदवाडा जिल्ह्यातल्या डोंगरांत उगम पावलेली कन्हान नागपूर जिल्ह्यात उतरते, कामठीच्या परिसरात पेंच तिला येऊन मिळते आणि पुढे अंभोऱ्याला ती वैनगंगेत जाते. नदी डोंगरातून सपाटीवर येते, पण डोंगरातले सगळेच जीव तिच्यासोबत खाली येत नाहीत. काही पायथ्याशीच थांबतात. गवत्या हा त्यांपैकी एक साप.

पावसाळ्यात कन्हानच्या काठाला, नाल्यांत किंवा पेंचच्या कालव्यावर भिजणाऱ्या धानाच्या बांध्यांत जे साप हमखास दिसतात, त्यांत धोंड्या पहिला. पश्चिम महाराष्ट्रात यालाच दिवड किंवा विरोळा म्हणतात. अंगावर काळ्या चौकटींची नक्षी, डोळ्याखालून आणि डोळ्यामागून निघणाऱ्या दोन काळ्या रेघा, तापट स्वभाव आणि बेडूक-मासळीवर गुजराण. दुसरी नानेटी. बोटाएवढी जाड, पाठीवर लांबच लांब दोन फिकट पट्टे, स्वभावाने अगदी गरीब. गवत्या हा या दोघांचाच भाऊबंद. धोंड्याला आणि नानेटीला सपाटी चालते, माणसांची वस्ती चालते, चिखल आणि शेतही चालते. गवत्याला मात्र डोंगर लागतो. एकाच कुळातल्या तिघांपैकी एकाचीच अशी अट का, हे पाहायला गेले की सापाबरोबर डोंगराविषयीही बरेच कळते.

कणेदार खवल्यांचे कूळ

हे तिन्ही साप नॅट्रिसिडी या कुळातले. काही अभ्यासक त्याला स्वतंत्र कूळ न मानता कोल्युब्रिडी या मोठ्या कुळाची शाखा मानतात. इंग्लंडच्या कुरणांत आणि तळ्यांच्या काठी आढळणारा, तिकडच्या लोकांचा ‘ग्रास स्नेक’ म्हणजे नॅट्रिक्स हा याच गोतावळ्यातला. अमेरिकेतले गार्टर सापही यातलेच. भारतात या मंडळींना किलबॅक हे नाव मिळाले ते त्यांच्या खवल्यांमुळे. पाठीवरच्या प्रत्येक खवल्याच्या मधोमध एक बारीक उभी धार असते. त्यामुळे धामणीसारखी गुळगुळीत चकाकी या सापांना नसते. अंग खरखरीत आणि मंद दिसते.

या कुळातल्या बहुतेक सापांचे आयुष्य पाण्याभोवती आणि बेडकांभोवती फिरते. कोणी पाण्यात उतरून शिकार करतो, कोणी पाण्याकाठच्या ओल्या गवतात. गवत्या दुसऱ्या गटातला. तो पाण्यात सतत राहत नाही, पण कोरड्यातही फार काळ काढत नाही. झऱ्याच्या आसपासचे गवत, पावसाने भिजलेले माळ, जंगलाच्या कडेचा पालापाचोळा, दगडांच्या फटी या त्याच्या जागा.

अंगलट आणि रंग

गवत्या हा मध्यम लांबीचा साप. पूर्ण वाढलेला गवत्या साधारण दोन फूट भरतो, मोठी मादी तीन फुटांच्या आसपास जाते. लांबीच्या मानाने अंग चांगले जाडजूड आणि शेपूट आखूड. डोके रुंदसर, डोळे मोठे, बाहुली गोल. शरीराच्या मध्यावर मोजले तर खवल्यांच्या २३ ते २७ ओळी भरतात आणि त्यांवरची धार ठळक असते.

पाठीचा रंग गवतासारखा हिरवा. काहींत तो गर्द असतो, काहींत थोडा मातकटपणाकडे झुकतो. पोट पांढरट किंवा पिवळसर. मोठ्या सापांत पाठीवर तुटक काळे ठिपके किंवा आडव्या रेघा दिसतात, काही साप जवळजवळ एकरंगी हिरवे असतात. डोळ्यापासून तोंडाच्या कोपऱ्याकडे जाणारी काळी रेघ बऱ्याच सापांत टिकून राहते.

पिल्लांचा थाट निराळा. मानेवर उलट्या ‘व्ही’च्या आकाराची ठसठशीत काळी खूण, तिच्या मागे पिवळा किंवा नारिंगी पट्टा आणि अंगावर काळ्या आडव्या रेघा. वय वाढते तशी ही नक्षी फिकट होत जाते आणि हिरवा रंग सगळ्यावर पसरतो. एकाच जातीची पिल्ले आणि मोठे साप इतके वेगळे दिसतात, की पिल्लू पाहून लोक वेगळाच साप समजतात. मानेवरच्या खुणेमुळे त्याला नागाचे पिल्लू ठरवून मारलेही जाते.

सापांचा हिरवा रंग बहुधा एकाच रंगद्रव्याने येत नाही. कातडीतल्या सूक्ष्म रचनांवरून परावर्तित होणारा निळा प्रकाश आणि तिथलेच पिवळे रंगद्रव्य यांच्या मिश्रणातून आपल्याला हिरवा दिसतो. मेलेला हिरवा साप अल्कोहोलमध्ये ठेवला की पिवळे द्रव्य विरघळून जाते आणि निळसर करडा रंग उरतो. संग्रहालयातल्या बरणीत असे साप शिशाच्या रंगाचे दिसतात ते यामुळेच. म्हणून पुस्तकातल्या जुन्या वर्णनावरून किंवा बरणीतल्या नमुन्यावरून रानातला गवत्या ओळखू पाहणारा फसतो.

शास्त्राच्या वहीत या सापाची नोंद १८३९ मध्ये झाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतला डॅनिश वैद्य थिओडोर कँटर याने त्याचे ट्रॉपिडोनोटस प्लंबिकलर असे वर्णन केले आणि त्याचा नमुना माळव्याकडचा होता. म्हणजे हा साप विज्ञानाला प्रथम भेटला तो सह्याद्रीत नव्हे, तर मध्य भारतात. १८९३ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ बुलेंजर याने मागच्या मोठ्या दातांवरून त्याला मॅक्रोपिस्थोडॉन या वंशात घातले. तिथे तो सव्वाशे वर्षे राहिला. डीएनएच्या तुलनेनंतर २०१८ मध्ये त्याला ऱ्हॅब्डोफिस या वंशात हलवण्यात आले. आजचे त्याचे शास्त्रीय नाव ऱ्हॅब्डोफिस प्लंबिकलर. या बदलाचा एक परिणाम असा, की आपल्या गवत्याचे जवळचे नातेवाईक ईशान्य भारत, चीन, जपान आणि आग्नेय आशियात पसरलेले आहेत हे आता स्पष्ट झाले. हा मुद्दा पुढे त्याच्या प्रदेशाचे कोडे सोडवताना लागेल.

टोड खाणारा

गवत्याचे मुख्य अन्न टोड. खडबडीत अंगाचा, अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपत बसणारा तो बेडूक. बहुतेक प्राणी त्याच्या वाटेला जात नाहीत. टोडच्या डोळ्यांमागे फुगीर ग्रंथी असतात आणि त्यांतून निघणारे पांढरे द्रव्य विषारी असते. त्यातली बुफाडायनोलाइड नावाची रसायने हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करतात. कुत्र्याने टोड तोंडात धरला की तोंडाला फेस येतो तो यामुळेच.

टोडवर जगणाऱ्या सापांना हे विष बाधत नाही. हृदयाच्या पेशीतल्या ज्या प्रथिनाला ते विष चिकटते, त्या प्रथिनाच्या रचनेत अशा अनेक सापांमध्ये बारीक बदल झालेला आढळला आहे. विषाला पकडच मिळत नाही. टोडचा दुसरा बचाव म्हणजे हवा भरून फुगणे. गवत्याच्या वरच्या जबड्यात मागच्या बाजूला मोठे दात असतात. फुगलेल्या टोडची पकड घट्ट करायला आणि त्याला गिळायला ते उपयोगी पडत असावेत असे अभ्यासक मानतात.

याच वंशातला जपानचा टायगर किलबॅक आणखी पुढे गेला आहे. खाल्लेल्या टोडचे विष तो मानेच्या कातडीखालच्या ग्रंथींत साठवतो आणि शत्रूने मान धरली की तेच विष वापरतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात हे दाखवले गेले. ज्या बेटावर टोड नाहीत तिथल्या सापांच्या ग्रंथींत ते विषही नव्हते. गवत्याच्या मानेत आणि पाठीच्या कातडीखालीही अशा ग्रंथी आढळलेल्या आहेत आणि त्याचे अन्नही टोडच. त्याची बचावाची पद्धत याच्याशी जुळते. डिवचला की तो पळण्याऐवजी पुढचा भाग उचलतो, मान आणि अंग चपटे करतो, खवल्यांमधली कातडी ताणून काळा-पांढरा रंग दाखवतो. पाहणाऱ्याला नागाचा फणा आठवतो. चावायला मात्र तो सहसा येत नाही.

माणसासाठी गवत्या निरुपद्रवी समजला जातो. तरीही त्याला हातात घेऊन खेळवणे शहाणपणाचे नाही. याच वंशातल्या टायगर किलबॅकलाही जपानमध्ये बराच काळ बिनविषारी मानत. नंतर त्याच्या चाव्याने रक्त गोठण्याची क्रिया बिघडून मृत्यू झाल्याच्या नोंदी झाल्या. गवत्याला घाबरण्याचे कारण नाही, त्याला हात लावण्याचेही नाही.

हद्द कुठून कुठपर्यंत

महाराष्ट्रात गवत्याचे खरे राज्य सह्याद्रीत. लोणावळा, महाबळेश्वर, कोयना, आंबोली या पट्ट्यात पावसाळ्याच्या तोंडाशी तो दिसतो. रस्त्यावर चिरडलेलाही दिसतो. खाली कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या डोंगरांत आणि निलगिरीत तो आहे. भारताबाहेर तो श्रीलंकेत सापडतो. पूर्व घाटाच्या टेकड्यांत आणि मध्य भारतात, म्हणजे सातपुडा-विंध्यच्या बाजूला, त्याच्या नोंदी आहेत. विदर्भाच्या दृष्टीने मेळघाट आणि सातपुड्याच्या रांगा हा त्याचा मुलूख. मधल्या सपाट, तापणाऱ्या मुलखात तो तुरळक.

नकाशावर या जागांना रंग दिला तर एकसंध पट्टा तयार होत नाही, विखुरलेले तुकडे दिसतात. ते जोडून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. उंचीचा आकडा सगळीकडे सारखा नाही. सह्याद्रीत तो बऱ्याच खालच्या टेकड्यांतही मिळतो, दक्षिणेत बराच वर चढतो. सारखा आहे तो ओलावा. नागपूरला वर्षाला सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला त्याच्या पाचपट. पण निव्वळ पावसाच्या आकड्यानेही उलगडा होत नाही. नागपूरचा पाऊस चार महिन्यांत येतो आणि जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, जमीन भेगाळते, नाले कोरडे पडतात. चिखलदऱ्यासारख्या हजार मीटरांहून उंच ठिकाणी तीच मे महिन्यातली दुपार बरीच सौम्य असते. दऱ्यांत झरे असतात, झाडांच्या सावलीत पाचोळा ओलसर राहतो.

सापाच्या दृष्टीने हा फरक जगण्या-मरण्याचा आहे. साप अंगातली उष्णता स्वतः तयार करत नाही, बाहेरच्या तापमानावरच तो चालतो. तापमान फार वाढले तर त्याला आत दडावे लागते आणि दडून राहिला तर खायला मिळत नाही. गवत्या अंडी घालतो. अंड्यांचे कवच चामड्यासारखे मऊ असल्याने आजूबाजूची माती कोरडी झाली तर ती सुकतात. टोडच्या पिल्लांना, म्हणजे गवत्याच्या पिल्लांच्या अन्नाला, साचलेले पाणी लागते. या तिन्ही गरजा एकाच जागी भागतात ती जागा म्हणजे पावसाळी डोंगर. सपाटीवर एखादी गरज भागते, एखादी राहते.

धोंड्याने या अडचणीवर वेगळा तोडगा काढला. तो पाण्यालाच चिकटला. नदी, तळे, कालवा, विहीर, काहीही चालते. उन्हाळ्यातही कुठेतरी पाणी उरतेच, तिथे तो टिकतो. एका खेपेला तो भरपूर अंडी घालतो, त्यामुळे नुकसान झाले तरी भरून निघते. नानेटी लहान अंगाची, तिला लहानसा ओला कोपरा पुरतो. गवत्या ना पूर्ण पाण्याचा, ना पूर्ण कोरड्याचा. ओल्या गवताचा तो साप आहे आणि असे गवत वर्षभर राखून ठेवण्याचे काम आपल्याकडे डोंगरच करतात. माळरानाच्या समुद्रात डोंगर ही त्याची बेटे आहेत.

सातपुड्याचा पूल

आता ते कोडे. गवत्याचे जवळचे नातेवाईक बहुतेक ईशान्य भारतात आणि त्याच्याही पूर्वेला. मग तो सह्याद्रीत आणि श्रीलंकेत पोहोचला कसा?

असाच प्रश्न माशांच्या बाबतीत सुंदरलाल होरा यांना पडला होता. होरा हे मत्स्यतज्ज्ञ, पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक. ईशान्येकडच्या डोंगरी ओढ्यांत वेगवान प्रवाहात दगडाला चिकटून राहणारे मासे सह्याद्रीच्या ओढ्यांतही त्यांना दिसत होते, मधल्या गंगेच्या मैदानात मात्र नव्हते. १९४० च्या दशकात त्यांनी मांडलेले उत्तर ‘सातपुडा सिद्धांत’ म्हणून प्रसिद्ध आहे. हवामान जास्त थंड आणि ओले होते अशा काळात आसामकडून राजमहालच्या टेकड्या, विंध्य, सातपुडा अशी डोंगरांची माळ या जीवांसाठी वाट बनली आणि त्या वाटेने ते पश्चिम घाटापर्यंत पोहोचले, असे होरांचे म्हणणे.

या सिद्धांतावर पुढे आक्षेप आले. काही प्राण्यांच्या वंशशाखा होरांनी धरलेल्या काळापेक्षा फार जुन्या निघाल्या. काही जीव सातपुड्याच्या वाटेने आलेच नाहीत असे दिसले. प्रत्येक जीवाचा प्रवास वेगळा तपासावा लागतो, हे आता मान्य आहे. तरीही मूळ कल्पनेतला एक भाग शाबूत आहे. आज कोरडे वाटणारे डोंगर पूर्वीच्या ओल्या काळात एकमेकांशी जोडलेले असू शकतात आणि हवामान कोरडे झाले की वाट तुटून तुकडे मागे उरतात. गवत्याची आजची विखुरलेली हद्द या चित्रात बसण्याजोगी आहे. कन्हान आणि पेंच ज्या रांगांतून येतात त्याच या चर्चेच्या मध्यभागी आहेत.

तुकडे फार काळ वेगळे राहिले तर काय होते याचे उदाहरण सह्याद्रीतच आहे. तिथल्या जंगली ओढ्यांकाठी एक लहानसा तपकिरी किलबॅक राहतो, पाठीवर पिवळसर ठिपक्यांच्या ओळी असलेला. १८६४ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ गुंथरने त्याचे वर्णन केले आणि दक्षिण भारतातल्या वनाधिकारी बेडोमचे नाव त्याला दिले. हा साप पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही. २०२३ मध्ये त्याच्यासाठी सह्याद्रीऑफिस असा नवा वंश करण्यात आला आणि घाटाच्या उत्तर भागातला साप ही वेगळी जात असल्याचे सांगून तिला उत्तरघाटी हे नाव मिळाले. एकच समजला गेलेला डोंगरी साप प्रत्यक्षात दोन निघाला. गवत्याच्या दूरदूरच्या तुकड्यांचीही अशी बारकाईने तुलना झाली तर त्यांत काय निघेल, हा प्रश्न म्हणूनच रंजक आहे.

हिरवे तिघे

विदर्भातल्या डोंगरात हिरवा साप दिसला की तो गवत्याच असेल असे नाही. तिघांत गोंधळ होतो. हरणटोळ दोरीसारखा सडपातळ, तोंड चोचीसारखे टोकदार, डोळ्याची बाहुली आडवी आणि मुक्काम झाडाझुडपांवर. याच्या सौम्य विषाने माणसाला सहसा मोठा धोका होत नाही. दुसरा चापडा, म्हणजे बांबू पिट व्हायपर. हा खरा विषारी. त्याचे डोके रुंद त्रिकोणी, मान बारीक, बाहुली उभी चिरेसारखी आणि डोळा व नाकपुडी यांच्या मध्ये एक खळगा. बांबूच्या बेटात, ओढ्यावरच्या फांदीवर तो निश्चल बसून असतो. तिसरा गवत्या. जमिनीवरचा, जाड, आखूड शेपटीचा, गोल बाहुलीचा, खरखरीत खवल्यांचा. डोक्याचे बारकावे पाहण्यासाठी जवळ जाण्याची गरज नाही. अंगलट आणि जागा एवढ्यावरून लांबूनही अंदाज येतो. खात्री नसेल तर विषारी धरूनच अंतर ठेवावे आणि चावल्यास कुठलाही साप असो, थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

गवत्याला मारण्याचे कारण कोणत्याच परिस्थितीत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्ह्यातही येते. त्याचे मोठे नुकसान मात्र काठीने कमी आणि इतर गोष्टींनी जास्त होते. पहिल्या पावसात टोड रस्त्यावर येतात, त्यांच्या मागे गवत्या येतो आणि घाटातल्या वाहनांखाली दोघेही जातात. उन्हाळ्यात डोंगरउतारावर लावलेला वणवा गवत जाळतो, पाचोळा जाळतो आणि त्याखाली अडकून राहिलेली ओल उडवतो. सपाटीवरच्या सापाला शेजारच्या शेतात सरकता येते. बेटावरच्याला जायला दुसरी जागा नसते.

म्हणून अशा सापाची साधी नोंदही कामाची असते. सातपुड्याच्या पायथ्याला, रामटेकच्या टेकडीवर, पेंचच्या रानात किंवा कन्हानच्या वरच्या अंगाला कोणाला हिरवा, जाडसर, जमिनीवरचा साप दिसला तर लांबून दोन छायाचित्रे घ्यावीत. एक वरून पूर्ण अंगाचे, एक बाजूने डोक्याचे. सोबत तारीख, वेळ, नेमकी जागा आणि आसपास पाणी होते का, हे लिहून वनविभागाकडे किंवा जवळच्या जाणत्या सर्पमित्राकडे द्यावे. रस्त्यावर मेलेला सापडला तरी त्याचेही छायाचित्र घ्यावे. या सापाची हद्द ओलाव्याने आखलेली आहे, त्यामुळे तो कुठे आहे आणि कुठे दिसेनासा झाला याच्या नोंदी वर्षानुवर्षे जमल्या तर कोणत्या डोंगरात ओल टिकली आणि कुठून ती ओसरली हेही त्यांतून वाचता येईल. नागपूर-कामठीला जे पाणी पोहोचते ते त्याच डोंगरांनी धरून ठेवलेले असते, हे ध्यानात घेतले तर ही नोंद निव्वळ सापांच्या हौशी अभ्यासकांपुरती राहत नाही.